घारीची जात

"समाज होरपळतोय आणि तू बगळ्यांचे फोटो काढत फिरतोस?"

गेल्या महिन्यात एका बैठकीनंतर चहाच्या टपरीवर चळवळीतल्या एका ज्येष्ठ काकांनी आम्हाला हे विचारले. चारचौघांत विचारले. आम्ही हसून वेळ मारून नेली. पण विचारणाऱ्या माणसाने उभी हयात मोर्चे, जामीन आणि कोर्टाच्या तारखांमध्ये घालवलेली आहे, त्यामुळे हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. काकांना त्या दिवशी जे सांगता आले नाही ते इथे लिहितो आहोत. आमच्या पिढीतल्या बऱ्याच पोरांना हा प्रश्न कोणी ना कोणी विचारलेला असतो. कोणाला गिटारीवरून, कोणाला ट्रेकिंगवरून, आम्हाला बगळ्यांवरून.

कॅमेरा आम्ही पक्ष्यांसाठी घेतलेला नव्हता. सत्यशोधन समितीबरोबर गावोगाव जावे लागायचे. ॲट्रॉसिटीच्या प्रकरणात मोबाईलचे धूसर फोटो उपयोगी पडत नाहीत, म्हणून जुना वापरलेला कॅमेरा घेतला. पुढची दोन वर्षे त्याने काय पाहिले? फोडलेली दारे, जळालेल्या कडब्याच्या गंजी, टाके घातलेली डोकी, तोडलेले नळ. मध्येच १४ एप्रिलची मिरवणूक, ६ डिसेंबरची रांग. आपल्या माणसांचे एवढे फोटो काढले, पण त्यात निवांत बसलेला माणूस एकही नाही. एकतर जखमी, नाहीतर घोषणा देणारा. हे तेव्हा आमच्या लक्षात आले नव्हते.

लक्षात आले ते इंदापूर तालुक्यातल्या एका गावातून परतताना. गावाचे नाव सांगत नाही, प्रकरण अजून कोर्टात आहे. दिवसभर पंचनाम्यासारखे फोटो काढून झाले होते. रस्ता उजनीच्या फुगवट्याच्या कडेने जात होता. एका वळणावर पाण्यात गुलाबी पट्टा दिसला. मोटारसायकल थांबवली. ते रोहित होते, ज्यांना फ्लेमिंगो म्हणतात. शंभरावर तरी असतील. काठीसारख्या पायांवर उभे, मान खाली घालून, चोच उलटी करून चिखल गाळत होते. आमच्याकडे साधी छोटी लेन्स होती, फोटोत नुसते गुलाबी ठिपके आले. त्या रात्री कार्ड कॉम्प्युटरला लावले तेव्हा सगळे मारहाणीचे फोटो सरले आणि शेवटी ते नऊ ठिपक्यांचे फोटो आले. आम्ही ते पुसले नाहीत.

पंधरा दिवसांनी सह्या घ्यायला त्याच घरी गेलो. घरातली नववीतली मुलगी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मागे-पुढे करत बसली होती. गुलाबी ठिपक्यांवर थांबली आणि म्हणाली, "हे कुठलं?" आम्ही सांगितले, तुमच्याच गावच्या पाण्यावरचे. तिचा विश्वास बसेना. तिच्या घरापासून पाणी फार तर तीन किलोमीटर. ती कधी तिकडे गेलीच नव्हती. आई चुलीपाशी होती, तिथूनच म्हणाली, "तिकडं त्यांची रानं आहेत दादा. आम्ही नाही जात."

हे वाक्य आम्ही तक्रारीत लिहिले नाही, कारण ते कुठल्या कलमात बसत नाही. तिकडे जायला कोणी बंदी घातलेली नाही, पाटी लावलेली नाही. धरण सरकारी, पाणी सरकारी. तरी एका मुलीने आपल्या गावचे पाणी डोळ्यांनी पाहिलेले नसते.

महाडचा इतिहास आपल्याला पाठ आहे. १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केले, आणि तरीही २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसे घेऊन तिथे उतरावे लागले. कागदावर खुले असणे आणि पाय तिकडे वळणे यांत किती अंतर असते ते आपल्या समाजाइतके कोणाला ठाऊक? त्या तळ्यावर गुराढोरांना मज्जाव नव्हता, पाखरांना तर नव्हताच. ओंजळभर पाणी पिण्याचा हक्क आपण लढून घेतला. पाण्याच्या काठावर काही काम नसताना दोन तास बसून राहण्याचा हक्क मात्र अजून पुष्कळ ठिकाणी घ्यायचा आहे.

तिथून आम्हाला हे वेड लागले. आठ-नऊ महिने पैसे साठवून एक जुनी १५०-६०० ची लेन्स घेतली. बुरशी लागलेली होती म्हणून स्वस्तात मिळाली. दौंडहून भिगवण जवळ, पहाटे निघाले की उजाडताना पाण्यावर. पहिल्या हिवाळ्यात जवळजवळ सगळेच फोटो वाया गेले. मग हळूहळू कळत गेले की पांढरा पक्षी दुपारच्या उन्हात टिपला की त्याची पिसे नुसता पांढरा डाग होतात, म्हणून ऊन चढायच्या आत काम आटोपायचे. उभ्या पक्ष्याला सेकंदाचा हजारावा भाग पुरतो, उडत्याला दोन हजारावा लागतो. आणि फोटो पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवरून काढायचा, म्हणजे आपण चिखलात पालथे पडायचे. शेकाट्या नावाचा पक्षी आहे, काळे पंख आणि लांबलचक लाल पाय. उभे राहून काढला तर कोंबडीच्या पिलासारखा दिसतो. पालथे पडून काढला की उथळ पाण्यात चालताना इतका डौलदार दिसतो की विचारू नका. चित्रबलाक, चमचा, पट्टकदंब असे एकेक ओळखीचे होत गेले. पट्टकदंब तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून इथे येतो. त्याला कोणी दाखला मागत नाही.

आम्हाला मागतात. एकदा होडीत आमच्यासोबत पुण्याकडचे चौघे होते. प्रत्येकाच्या गळ्यात आमच्या वर्षाच्या मानधनाएवढा कॅमेरा. गप्पा छान चालल्या होत्या, कुठले सेटिंग, कुठला पक्षी. मग एकाने सहज विचारले, "पूर्ण नाव काय तुमचं?" आम्ही आडनावासकट सांगितले. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग दुसऱ्याने विचारले, "लेन्स संस्थेची आहे का?" एवढेच. शिवी नाही, अपमान नाही. पण आधी पाऊण तास ती लेन्स आमचीच होती, आडनाव कळल्यावर ती संस्थेची झाली.

त्याच फेरीत आणखी एक गोष्ट घडली. रोहित उभा असताना पांढरट-गुलाबी असतो. पंख उघडले की आतला लालभडक आणि काळा रंग दिसतो, म्हणून तर त्याला अग्निपंख म्हणतात. साहजिकच सगळ्यांना उडणारा रोहित हवा असतो. चौघांतले एक होडीवाल्याला म्हणाले, "दादा, होडी जरा आत घाला ना. उडवा त्यांना. वरचे पैसे देतो." होडीवाला दादा काही बोलला नाही. त्याने वल्हे उचलून होडीत ठेवले आणि तंबाखू मळायला घेतली. त्याच्या आजोबांचे गाव १९८० च्या सुमाराला या धरणात गेले, रान गेले, मग हे कुटुंब मासेमारीला लागले. पोट त्याचे या चौघांवरच आहे. तरी त्याने पाखरे उडवली नाहीत. पोट भरत असलेल्या पक्ष्याला पुन्हा पुन्हा उडवले की त्याची ताकद वाया जाते आणि तो जागा सोडून जातो, हे पुस्तक न वाचता त्याला कळते.

आम्हाला तेव्हा बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथातला बाल सिद्धार्थ आठवला. देवदत्ताने बाण मारून पाडलेला पक्षी सिद्धार्थ उचलतो, औषधपाणी करतो. देवदत्त म्हणतो, मी मारला म्हणून माझा. सिद्धार्थ म्हणतो, मी वाचवला म्हणून माझा. लवादाने निकाल सिद्धार्थाच्या बाजूने दिला. विहारात ही गोष्ट आपण पोरांना नेहमी सांगतो. कॅमेऱ्यालाही इंग्रजीत शूट करणे असेच म्हणतात, आणि होडीत बसलेल्या त्या माणसाचे म्हणणे देवदत्ताचेच होते, पैसे मी दिले म्हणून पाखरू माझे.

पक्ष्यांची नावे शिकताना आम्ही खूप हसलोही. मराठी पक्ष्यांत अख्खी बलुतेदारी आहे! सुतार आहे, शिंपी आहे, परीट आहे, कोतवाल आहे. भारद्वाज म्हणतात तोच पक्षी गावाकडे कुंभारकावळा होतो, म्हणजे एकाच पाखराला एका आळीत गोत्र आणि दुसऱ्या आळीत धंदा. पण समाजशास्त्र शिकल्याचा एवढा तरी उपयोग व्हावा म्हणून सांगतो, यातली बरीचशी नावे वाईट नाहीत. सुतार लाकूड कोरतो, शिंपी पाने शिवून घरटे करतो, परीट पाण्याकाठी शेपटी आपटत असतो. ज्याने नाव ठेवले त्याने पाखराकडे नीट पाहिले होते. आणि नाव ठेवणारा बहुधा स्वतः काम करणारा होता.

खटकली ती वेगळीच नावे. रस्त्यावर घेतलेल्या सलीम अली यांच्या पक्ष्यांच्या पुस्तकाच्या एका जुन्या आवृत्तीत घारीचे पान उघडले. आपल्या डोक्यावर रोज घिरट्या घालते ती साधी घार. तिचे इंग्रजी नाव छापले होते 'परायाह काईट'. आणि समुद्रकाठच्या, तांबूस अंगाच्या, पांढऱ्या डोक्याच्या घारीचे नाव 'ब्राह्मिनी काईट'. मराठीतही ती ब्राह्मणी घारच. दोष सलीम अलींचा नाही, इंग्रजांच्या काळापासून हीच नावे चालत आली होती. पण परायाह म्हणजे कोण? तामिळनाडूतली परैयर जात. त्या जातीच्या नावावरून इंग्रजीत 'बहिष्कृत' या अर्थाचा शब्द तयार झाला, आणि तो मोकाट कुत्र्याला आणि घारीला चिकटवला गेला. ही तीच जात, जिच्यातून पंडित अयोथी थास झाले. त्यांनी १८९८ मध्ये बुद्ध धम्म स्वीकारला आणि मद्रासमध्ये बौद्ध संस्था उभारली, नागपूरच्या दीक्षेच्या ५८ वर्षे आधी.

आमच्या डोक्यात हे घोळत होते आणि यंदा २० मार्चला महाडला गेलो. चवदार तळ्यावर अभिवादन झाल्यावर आम्ही तिघे मंडणगडमार्गे दापोलीकडे गेलो. एकाची बहीण तिकडे असते. दुसऱ्या दिवशी हर्णै बंदरावर गेलो. मासळीचा लिलाव चालू होता आणि डोक्यावर दोन्ही घारी होत्या. एकाच आभाळात, एकाच बंदरावर.

तीन तास आम्ही त्यांच्याकडेच पाहत होतो. दोघी काय खातात? टाकलेली आतडी, मेलेले मासे, चिखलातला खेकडा. ब्राह्मणी घार दुसऱ्याच्या तोंडचा घासही हिसकावते, आमच्यासमोर तिने एका घारीच्या पायातला मासा पळवला. आहार तोच, धंदा तोच. तरी एकीला विष्णूच्या वाहनाचा मान आणि दुसरी परायाह. मग मृताहारावरून अस्पृश्यता आली असे जे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले गेले त्याचे काय? बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात हाच प्रश्न खणून काढला आहे. कोण काय खातो याला कलंक कधी आणि कशामुळे चिकटला, आणि त्यामागे बौद्धांविषयीचा द्वेष कसा होता, याची मांडणी त्यांनी केली. ती मांडणी आम्ही एम.ए.ला परीक्षेपुरती वाचली होती. हर्णैच्या बंदरावर, माशांच्या वासात, ती पहिल्यांदा नीट समजली.

फोटोच्या बाबतीत मात्र एक कबुली द्यायला हवी. आम्हीही आधी त्या तांबूस घारीचेच फोटो काढत सुटलो. ती फोटोत छानच येते. साधी घार आभाळावर नुसती काळी येते, मग माणसे म्हणतात घार फोटोला चांगली नाही. दोष घारीचा नसतो. कॅमेऱ्याचे मीटर उजळ आभाळ पाहून सगळे चित्र काळवंडून टाकते. आपण हाताने उजेड एक-दीड स्टॉप वाढवला की तिच्या पिसांतले तपकिरी, पिवळट, करड्या रंगाचे थर दिसू लागतात. आणि वळताना ती दुभंगलेली शेपटी जी पिळते, तिला तोड नाही. ज्यांना हौस आहे त्यांनी हे जरूर करून पाहावे. घार फुकट आहे, गल्लीत आहे, होडीचे भाडे लागत नाही.

नावांवरून आठवले. २५ मे २०२० ला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये ख्रिश्चन कूपर नावाचा कृष्णवर्णीय माणूस पक्षी पाहत होता. कुत्र्याला पट्टा बांधा, असे त्याने एका गोऱ्या बाईंना सांगितले, त्या जागेचा नियमच तो होता. बाईंनी पोलिसांना फोन केला की एक आफ्रिकन-अमेरिकन माणूस मला धमकावतो आहे. त्याच दिवशी मिनियापोलिसमध्ये पोलिसाने जॉर्ज फ्लॉईडचा जीव घेतला. कूपरच्या हातात दुर्बीण होती, आणि दुर्बीण घेतलेला काळा माणूस तिथे संशयित ठरतो. त्यानंतर काही दिवसांतच तिथल्या तरुण कृष्णवर्णीय पक्षीनिरीक्षकांनी स्वतःचा एक सप्ताहच सुरू केला. आणि २०२३ मध्ये अमेरिकेतल्या पक्षीशास्त्रज्ञांच्या संस्थेने माणसांच्या नावांवरून ठेवलेली तिथल्या पक्ष्यांची इंग्रजी नावे बदलायचे जाहीर केले, कारण त्यांतली काही गुलामगिरीच्या समर्थकांची होती. आपल्याकडे साधी घार आता इंग्रजी पुस्तकांत 'ब्लॅक काईट' झाली आहे. परायाह गेला, ब्राह्मिनी तेवढी राहिली. खालचे नाव गुपचूप काढले आणि वरचे ठेवले, ही तर अगदी ओळखीची सुधारणा झाली.

आता काकांच्या प्रश्नाकडे येतो. वेळ कुठून आणता, असेच त्यांना विचारायचे होते. आमच्या आजीला वेळ नव्हता, आईला नव्हता, हे खरे आहे. पण आपल्या लोकांना फुरसत नसणे हा त्यांचा गुण नव्हता, ती त्यांच्यावर लादलेली गोष्ट होती. १९४५ च्या काँग्रेस आणि गांधींवरील ग्रंथात बाबासाहेबांनी यंत्रांची बाजू का घेतली ते पुन्हा वाचावे. त्यांचे म्हणणे असे की जनावरासारखे नुसते राबण्यातून माणूस सुटला, त्याला फुरसत मिळाली, तरच त्याला संस्कृतीचे जीवन जगता येते. खेड्यात चला आणि हाताने राबा, हे सांगणे त्यांना म्हणूनच मान्य नव्हते. मजूरमंत्री असताना कारखान्यातले आठवड्याचे तास ४८ वर आणायचे विधेयक त्यांनी मांडले, ते काय माणसाने त्या उरलेल्या वेळात दुसरी मजुरी करावी म्हणून? आणि स्वतः त्यांनी, एवढ्या व्यापात, उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते. त्यांना कोणी टपरीवर गाठून विचारले नसावे.

काकांचा मुद्दा तरी सगळा चुकीचा नाही. छंद घेऊन चळवळीतून हळूच बाहेर पडलेली माणसे आम्हीही पाहिली आहेत. आधी आडनाव लपते, मग १४ एप्रिलला बाहेरगावी जायचे काम निघते. त्या होडीत पुन्हा कोणी नाव विचारले तर गुळमुळीत काहीतरी सांगून टाकावे, असा विचार एकदा आमच्याही मनात येऊन गेला. तो येऊन गेला हे इथे लिहून ठेवलेले बरे.

डिसेंबरपासून आम्ही अभ्यासिकेतल्या पोरांना महिन्यातून एका रविवारी पाण्यावर नेतो. टेम्पो एकाचा आहे, डिझेल वर्गणीतून. दोन दुर्बिणी आणि एक कॅमेरा, पाळीपाळीने. जानेवारीत त्या गावातली ती मुलगीही आली, आईची परवानगी घ्यायला तीन फेऱ्या माराव्या लागल्या. तिच्या गावच्या बाजूनेच काठावर उतरायचे असे आम्ही मुद्दाम ठरवले होते. शेताच्या बांधावरून जाताना एका माणसाने हटकले, कुठली पोरं, इकडे काय काम? आम्ही सांगितले, पाणी बघायला आलोय. तो बराच वेळ बघत उभा राहिला, मग काही न बोलता निघून गेला. मुलगी आमच्या मागे होती. ती पुढे झाली नाही, पण परतही फिरली नाही.

रोहित त्या दिवशी फार लांब होते. पोरे हिरमुसली. तेवढ्यात डोक्यावर घार आली आणि कॅमेऱ्याची पाळी त्या मुलीची होती. लेन्स तिला पेलेना, म्हणून तिने ती टेम्पोच्या फाळक्यावर टेकवली. उजेड किती वाढवायचा ते आम्ही सांगितले.

"दादा, ही घारच ना?"

"घारच."

पोरांची एक वही आहे, त्यात तारीख, जागा, पक्षी असे लिहायचे असते. समुद्राकडची घार आमच्या वहीत 'पांढऱ्या डोक्याची घार' म्हणून लिहिली आहे. तिने त्या दिवशी 'घार' एवढेच लिहिले आणि जागेच्या रकान्यात लिहिले, 'आमच्या गावचे पाणी'. तिच्या बावीस फोटोंपैकी एकोणीस हललेले आहेत. एका फोटोत नुसती शेपटी आहे. उरलेल्या दोनांपैकी एक आम्ही मोठा छापून घेतला आहे, पुढच्या बैठकीला काकांना देणार आहोत.